फेटा

केशोरीला मंडईच्या जत्रेत दोन बाजापेट्या समोरासमोर मांडल्या होत्या. गर्दीनं गाणं सांगायचं, दोघांनी ते आळीपाळीनं वाजवायचं आणि हरणाऱ्यानं आपला फेटा जिंकणाऱ्याच्या डोक्यावर ठेवायचा, अशी तिथली रीत.

गर्दीतून फर्माईश आली, की एका पेटीवरचा उदाराम दुसरीवरच्या म्हाताऱ्या ग्यानीरामच्या तोंडासमोर जाऊन हातवारे करत खेकसायचा, "आता गवळण, बुढ्या! गवळण वाजव!"

"आपल्याच गुरूवर काऊन बोंबलून राहिला बे?" लोक चिडले. शेवटी त्यांनी उदारामची हुर्यो उडवली आणि ग्यानीरामच्या नावाचा गजर केला.

गजर चालूच होता आणि ग्यानीरामची पेटीही. उदारामनं उठून आपला फेटा त्याच्या डोक्यावर ठेवला, तेव्हा कुठे म्हाताऱ्याला कळलं, की आपण जिंकलो.