सोनेरी रंगाखाली

"चाक फिरतंय ना, शहाण्या? मग खरवडतोस कशाला?" बाबा सकाळपासून हेच विचारत होते.

आमच्या सेकंडहँड गाडीच्या अलॉय चाकांना आधीच्या मालकाने सोनेरी रंग फासलेला. उद्या सगळे आंबोली घाटाने मामाकडे जाणार होतो आणि मला फोटोत काळी चाकं हवी होती.

रिमूव्हर लावला, रंग सायीसारखा सुरकुतला. स्क्रॅपरने ओढला, तर खाली भला मोठा तडा, वेल्डिंगने बुजवलेला.

बाबांनी त्यावरून बोट फिरवलं. "ह्या चाकावर तुझ्या आईला घाटात नेणार होतो मी." मग गॅलरीतल्या शेजारणीला ओरडून म्हणाले, "वहिनी, घाटात जायच्या आधी रंग काढून चाकं तपासतंय बघा पोरगं!"

"तपासावीच लागतात," मी जमेल तेवढ्या गंभीरपणे म्हणालो.

"मग सरक," बाबा शेजारी बसले, "उरलेली तिन्ही खरवडू."