सिस्टरचे केस

“सिस्टर क्लोटिल्डा गेल्या. तीन आठवडे झाले,” वसईच्या कॉन्व्हेंटमध्ये मदर मला म्हणाल्या.

“आणि मला आज सांगता?”

“धर्मभगिनींनी एकाच सिस्टरमध्ये जीव गुंतवू नये. म्हणून तर चार वर्षांपूर्वी तुम्हाला टांझानियाहून परत बोलावलं.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिथल्या मिशनच्या दवाखान्यात आम्ही दोघी अठरा वर्षं राबलो. मलेरियात एकमेकींची घाण काढली. आमच्यात सिस्टरचे केस सिस्टरच कापते. माझे ती कापायची, तिचे मी.

“आता विसरा त्यांना.”

मी डोक्यावरचं वस्त्र ओढून काढलं. पांढरे केस पाठभर सुटले.

“तिला सोडून आल्यापासून इथे कुणाला हात लावू दिला नाही.” टेबलावरची कात्री मी त्यांच्यापुढे आपटली. “कापा, मदर. हिंमत असेल तर.”