मागची काच

“मागचीच ना?” काचवाल्याने फोनवर एवढंच विचारलं.

सून हो म्हणाली. आजच्या आज, चारच्या आत बसेल का, हेही तिने एका दमात विचारून घेतलं. अशी एक काच आपल्याकडे पडून आहे, घेऊनच येतो, असं तो म्हणाला. फोन ठेवल्यावर तिच्या जिवात जीव आला. पन्नास वर्षांच्या गाडीची काच कुणाकडे तयार असते? नशीब बलवत्तर म्हणायचं, दुसरं काय.

त्याचा नंबर तिला गाडीतच मिळाला होता, डॅशबोर्डच्या कप्प्यात, जुन्या कागदांच्या तळाशी. या घरात कागदाचा कपटाही कुणी फेकत नाही, अशी कुरकुर ती लग्न झाल्यापासून करत आली होती. आज तिने ती मनातल्या मनात मागे घेतली.

झालं होतं एवढंच, की शेडच्या माळ्यावरून रंगाचा डबा काढून झाल्यावर तिने शिडी नीट टेकवली नाही. दोन पावलं पुढे गेली आणि मागे धाडकन आवाज झाला. वळून बघते तो मागच्या काचेचा भुगा. मक्याच्या दाण्यांएवढे तुकडे सीटवर, डिकीवर, फरशीवर.

गाडी सासऱ्यांची. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली होती. नवरा लहान असताना मागच्या सीटवर गुडघे टेकून बाहेर बघायचा आणि सासरे बाहेरून अंगठीने काचेवर टकटक करायचे. त्या अंगठीच्या हिऱ्याचा एक ओरखडा डाव्या कोपऱ्यात राहिला होता. दर रविवारी गाडी धुताना नवरा त्यावरून बोट फिरवायचा. तो तापट असता तर तिला एवढं वाटलं नसतं. चार बोलणी खाऊन मोकळी झाली असती. पण तो काहीच बोलणार नव्हता. नुसता त्या कोपऱ्याकडे बघत उभा राहणार होता, आणि तेच तिला सोसणार नव्हतं.

सासूबाई तर त्याच्या वरताण. बाकी गाडी कुणीही पुसावी, त्या काचेला मुलाशिवाय दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, हा त्यांचा दंडक. मागे नवऱ्याचा एक मित्र कौतुकाने ओरखडा भिंगातून बघायला लागला, तर चहा गार होतोय म्हणत त्यांनी त्याला हाताला धरून घरात नेलं. चहा तेव्हा ठेवलेलाही नव्हता.

नवरा सहाला येणार होता. सासूबाई चारला उठायच्या. त्या कानाने जड आहेत, असं निदान त्यांचं म्हणणं होतं.

काचवाला अडीचला आला. साठीचा, शांत माणूस. हॉर्न न वाजवता त्याने गाडी मागच्या गल्लीत लावली. काच जुन्या रजईत गुंडाळून आणली होती. लांब वायरीचा दिवाही बरोबर होता. अशा शेडमध्ये उजेड कधी पुरत नाही, म्हणाला. पहिल्यापासून तो हळू आवाजातच बोलत होता. सुनेला ते फार बरं वाटलं.

दोघांनी मिळून तुकडे झाडले. त्याने काचेच्या कडेला रबर चढवलं, रबराच्या खाचेतून दोरी फिरवली आणि साबणाचं पाणी लावलं. मग तो मागच्या सीटवर जाऊन बसला. तिने बाहेरून दोन्ही तळव्यांनी काच दाबून धरायची आणि त्याने आतून दोरी ओढत जायची, म्हणजे रबर आपोआप चौकटीवर चढतं.

“दाबा, पण मारू नका,” तो म्हणाला.

दोरी इंच इंच बाहेर येत गेली. शेवटचा कोपरा टक्‌कन बसला, तेव्हा तिने तासाभरात पहिल्यांदा नीट श्वास घेतला.

आता उरलं होतं ते सांगायला तिला लाज वाटत होती. मेलेल्या माणसाची आठवण नकली करायची, हे काय काम झालं? तरी तिने चाचरत सांगितलं की डाव्या कोपऱ्यात एक ओरखडा होता, तो हवा होता.

काचवाल्याला त्याचं काही नवल वाटलं नाही. त्याने पिशवीतून हिरकणी काढली. काच कापायची लेखणी ती, टोकाला हिऱ्याचा कण बसवलेली.

“ही काच कडक केलेली असते,” तो म्हणाला. “खोल गेलं की पुन्हा भुगा. अलगद काढावा लागतो.”

ओरखड्याचा फोटो आहे, तो दाखवते, असं सांगून ती मोबाइल आणायला स्वयंपाकघरात धावली. ओट्यावर मोबाइल होता, पण चहाचं पातेलं जागेवर नव्हतं. घड्याळात पावणेचार वाजले होते.

ती शेडच्या दारात पोचली तेव्हा सासूबाई गाडीमागे उभ्या होत्या. झोपेने केस विस्कटलेले, हातात ट्रे, ट्रेमध्ये तीन कप. काचवाल्याने फोटोची वाट न बघता हिरकणी डाव्या कोपऱ्यात, नेमकी त्याच जागी टेकवली होती.

“आई, मी तुम्हाला सांगणारच होते,” सून म्हणाली.

सासूबाईंनी ट्रे स्टुलावर ठेवला, चष्मा डोळ्यांवर चढवला आणि त्या काचेवर वाकल्या.

“या खेपेला जरा बारीक काढा,” त्या काचवाल्याला म्हणाल्या. “मागचा फार ठळक झाला होता.”