पेटुनियाचा पडदा

आमच्या आणि शेजारच्या वनमालाबाईंच्या गॅलरीत फक्त एक लोखंडी जाळी होती. त्यांना मूलबाळ नव्हतं. माझी आमू रांगायला लागली तशा त्या सारख्या जाळीशी येऊन तिला हाका मारायच्या. नजरबिजर मी मानत नाही, बीएस्सी झालेय. तरी जाळीवर लोंबत्या पेटुनियाच्या कुंड्या टांगल्या. दिवाळीनंतर जांभळ्या फुलांचा दाट पडदा पार फरशीपर्यंत उतरला आणि मला जरा बरं वाटलं.

मग त्या पडद्याला भोक पडायला लागलं, तेही अगदी खाली, फरशीपासून हातभरावर. मी कपडे धुऊन यायची, तर तिथलीच फुलं गेलेली असायची. बाई खाली बसून डोकावतात, हे उघड होतं.

"वनमालाबाई, फुलं कोण तोडतंय ओ?"

"मला काय म्हाईत बाई," त्या म्हणाल्या, पण माझ्याकडे न बघता.

दुसऱ्या दिवशी मी मोरीत बादली वाजवली आणि गुपचूप दाराआड येऊन उभी राहिले. जाळीपलीकडे वनमालाबाई मांडी घालून बसल्या होत्या. अलीकडे आमू एकेक फूल ओढून तोडत होती आणि जाळीतून त्यांच्या हातावर ठेवत होती.

"बास गं माय, आता नको तोडू," त्या हळूच म्हणाल्या. "एवढ्या भोकात भागतंय आपलं. आनखी मोठं झालं, तर तुजी आई पत्रा ठोकंल."