मांडीचं रक्त

चष्मा दोनदा पुसूनही घड्याळजींना अहवालातलं अक्षर लागेना. शेवटी प्रयोगशाळेतल्या बाईंनी कागद स्वतःकडे ओढला.

घड्याळजींची बायको जाऊन सात आठवडे झाले होते. बरीच वर्षं ती नैराश्यावरच्या गोळ्या घेत होती. तिच्या रक्तात त्या औषधाचं प्रमाण भरमसाट निघालं आणि नातेवाइकांनी मनातल्या मनात एकच अर्थ काढला. घड्याळजींनीही तोच काढला. आदल्याच दिवशी ते तिला, तुझं रडगाणं आता पुरे, असं टाकून बोलले होते.

बाईंनी समजावून सांगितलं. ते पहिलं रक्त हृदयातलं होतं. माणूस गेल्यावर औषध यकृतातून, फुप्फुसांतून झिरपून तिथे उतरतं आणि आकडा फुगतो. म्हणून त्यांनी शवविच्छेदनाच्या वेळी राखून ठेवलेलं मांडीच्या शिरेतलं रक्त तपासलं. त्यात रोजच्या गोळीइतकंच औषध होतं. मात्र जोडीला गुडघेदुखीची गोळी होती, झोपेची होती, सर्दीचं औषधही होतं. तीन डॉक्टरांनी दिलेली, एकाचा दुसऱ्याला पत्ता नाही. प्रत्येक औषध बेताचंच, पण सगळी एकत्र आली आणि श्वास मंदावत गेला.

“म्हणजे तिने मुद्दाम...”

“नाही. जठरातही जास्तीची एकही गोळी नव्हती. त्यांनी फक्त सांगितलेली औषधं घेतली.”

घड्याळजी बराच वेळ टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले.

“गुडघ्याची गोळी तिने बागेत फिरायला जाता यावं म्हणून सुरू केली होती,” ते म्हणाले. “तिला फिरायचं होतं हो.”

मग त्यांना बोलावंसं वाटू लागलं. दुकान भाच्याच्या हवाली केलं होतं, वर्तमानपत्र बंद केलं होतं, मांजर शेजारणीला देऊन टाकलं होतं. लबाड तिकडे चांगलं बाळसं धरतंय, आता परत येतंय की नाही कोण जाणे, असं म्हणून ते सात आठवड्यांत पहिल्यांदा हसले. बाईही हसल्या. एकटा पडलेला माणूस पसारा आवरतोच, त्यांच्या मनात आलं.

दारापर्यंत गेलेले घड्याळजी मागे फिरले. कोटाच्या आतल्या खिशातून त्यांनी एक फुगीर पाकीट काढलं आणि टेबलावर ठेवलं.

“तिच्या उरलेल्या गोळ्या आहेत. तुम्हीच नष्ट करा,” ते म्हणाले. “अहवाल ऐकला की मी तिच्या मागोमाग जाणार होतो.”