रॉकेलची वाटी

सगुणाला दवाखान्यातून घरी येऊन तास झाला, तरी घरचा कुत्रा भुऱ्या तिच्यावर गुरगुरतच होता.

"हाक मार त्याला. आवाज तरी ओळखेल," तिचा नवरा गणपत म्हणाला.

हाकेसरशी भुऱ्याने कान टवकारले, पण तो जवळ आला नाही. आवाज ओळखीचा होता, बाई मात्र त्याच्यासाठी परकी होती.

अंगाचा वास घालवणारं इंजेक्शन आधी त्यांनी भुऱ्यालाच दिलं होतं. वास नसलेलं जनावर गोचिडांना सापडत नाही. भुऱ्या सुटला आणि उपाशी गोचीड माणसांकडे वळले. सगुणा तापाने फणफणली, तेव्हा दवाखान्यात तिलाही तेच इंजेक्शन दिलं.

"माझं जुनं लुगडं आण. ते हुंगेल तो."

गणपत घुटमळला. "तू येणार म्हणून सगळं उकळून धुतलं गं. गोधडीसुद्धा."

सगुणा उठली, बसली, पुन्हा उठली. शेवटी तिने फळीवरची रॉकेलची वाटी काढली. रोज दुपारी पायरीवर बसून ती भुऱ्याचे गोचीड वेचायची आणि या वाटीत टाकायची.

वाटी पायरीवर वाजताच भुऱ्या धावत आला. त्याने तिच्या मांडीवर डोकं टेकलं, डोळे मिटले. तिची बोटं त्याच्या कानामागे फिरली. वेचायला काहीच नव्हतं, तरी फिरत राहिली.

मग त्याने तिचा तळहात हुंगला. पुन्हा हुंगला. तो उठला आणि फाटकाशी जाऊन बसला. सगुणाला ज्या रस्त्याने दवाखान्यात नेलं होतं, त्या रस्त्याकडे बघत तो तिची वाट पाहू लागला.