कोरडा खडू

भूजल अधिकारी सुलक्षणा गावंडे यांनी टेपच्या टोकाला खडू फासला आणि ती गावच्या विहिरीत तळापर्यंत सोडली. वर ओढली तेव्हा खडू कुठेच भिजला नव्हता.

"उपग्रहाच्या मोजणीत सात मीटरवर पाणी आहे," त्यांच्या हातातलं खात्याचं यंत्र म्हणालं. "मॅडम, सही करा, म्हणजे आजपासून टँकर बंद करता येतील."

"खडू कोरडा आहे."

"हाताने केलेली मोजणी आता ग्राह्य धरत नाहीत. सही न केल्यास निलंबन होईल."

हंडे घेऊन आलेल्या बायका गावंडेबाईंच्या तोंडाकडे बघत होत्या. बाईंनी यंत्र बादलीत ठेवलं आणि कप्पीवरून दोर सोडायला सुरुवात केली.

"ओलं होऊन वर ये," त्या म्हणाल्या, "लगेच सही करते."